भाडेकरूसकट फ्लॅट

‘सर, चालू भाडेकरू आहे. खरेदीखत झालं की पुढच्या एक तारखेला २६ हजार खात्यात. हप्ता भाड्यातूनच फिटतो.’ एजंटच्या या वाक्यावर मी ४५ लाखांचा फ्लॅट घेतला. मी कोल्हापूरला नोकरीला, फ्लॅट वाघोलीत. पुण्यात आपलं काहीतरी असावं, ही हौस बरीच वर्षं होती.

बघायला गेलो तेव्हा भाडेकरू घरातच होता. आयटीत आहे म्हणाला. पंखा चालू, सोफ्यावर लॅपटॉप, दाराशी चपलांचा एकच जोड. बायकोने स्वयंपाकघरात डोकावलं आणि लिफ्टमध्ये म्हणाली, ‘अहो, ओट्यावर साधा तेलाचा डागसुद्धा नाही.’ मी म्हटलं, बॅचलर आहे, बाहेर जेवत असेल.

भाडेकरार मागितला तर पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद पुढे आला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा भाडेकराराची, नोंदणी सक्तीची आहे. ती करणं मालकाचं काम आणि न केल्यास गुन्हाही. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोटरी पुरते, हा समज माझाही होता. डिपॉझिटचं विचारलं तर ‘ते आमचं आम्ही बघून घेतो’ असं उत्तर मिळालं.

बँकेच्या व्हॅल्युअरने फ्लॅटचे ४१ लाखच धरले. त्याच्या ८० टक्के म्हणजे ३२ लाख ८० हजार कर्ज मंजूर झालं, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी. हप्ता साधारण साडेअठ्ठावीस हजार. मी ४५ देतोय आणि बँक ४१ म्हणते, तर मधले चार लाख कशाचे? एजंट हसला, ‘व्हॅल्युअर नेहमी हात राखूनच धरतात, सर.’ मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. उरलेले बारा लाख पीएफमधून आणि बायकोची एफडी मोडून उभे केले. वर सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी.

तीन महिने भाडं घड्याळासारखं आलं. चौथ्या महिन्यात मेसेज: ‘बंगळुरूला बदली झाली, रूम खाली केली, किल्ली वॉचमनकडे.’ त्याने डिपॉझिट मागितलंच नाही, तेव्हाच काय ते समजायला हवं होतं. एजंट म्हणाला, आठवड्यात दुसरा देतो. मग त्याने फोन उचलणं बंद केलं.

वॉचमनकाकांना विचारलं, आधीचा माणूस कसा होता? ते माझ्याकडे बघतच राहिले. ‘इथं कोण राहत होतं साहेब? महिन्यातनं एकदा येऊन दिवा लावून जायचा.’

घरी येऊन फाईल काढली. महावितरणचं बिल त्यात पहिल्यापासून होतं, मीटर नावावर करायला एजंटनेच दिलेलं. मी त्यावर फक्त ‘थकबाकी शून्य’ एवढंच वाचलं होतं. त्याच बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो: ४ युनिट, ६, ३, ५. लॅपटॉपवर काम करणारा माणूस महिन्याला चार युनिटमध्ये राहत होता!

मग नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखतांचे उतारे, काढले. त्याच वर्षी, तेवढ्याच क्षेत्रफळाचे दोन फ्लॅट ३७ लाखांच्या आसपास गेले होते. म्हणजे माझ्याकडून आठ लाख जास्त घेतले आणि त्यातलेच ७८ हजार तीन हप्त्यांत ‘भाडं’ म्हणून मला परत दिले. २६ हजार भाडं म्हणजे ४५ लाखांवर वर्षाला जवळजवळ सात टक्के. पुण्यात राहत्या फ्लॅटला तीन-चार टक्के सुटले तरी पुष्कळ. हा भागाकार मला शाळेत असल्यापासून येतो.

पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून वाटेला लावलं. वकील म्हणाले, खरेदीखतात भाड्याचा उल्लेखच नाही, किंमत तुम्ही राजीखुशीने दिलीत. आधीच्या मालकाचं म्हणणं, एजंट काय बोलला ते मला माहीत नाही.

आता एक नर्स आणि तिचा नवरा राहतात. भाडं १५ हजार, करार नोंदवलेला. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी मेंटेनन्सवर दहा टक्के बिनवापर शुल्क लावते, ते वेगळंच. हप्त्यातले साडेतेरा हजार दरमहा पगारातून जातात. मागच्या महिन्यात नर्सबाईंनी लाईट बिलाचा फोटो पाठवला, ‘जास्त आलंय का हो दादा?’ १३७ युनिट होते. मी तो आकडा दोनदा वाचला आणि लिहिलं, ‘नाही ताई, बरोबर आहे.’