वन-क्लिक रूट, मॅजिस्क की रूटच नको? परत यायचा रस्ता बघून ठरवा

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत फोनचं काही बिघडलं की पोरं माझ्याकडे येतात, आणि हल्ली परत तोच जुना प्रश्न सुरू झालाय, दादा ते एक बटण दाबून रूट करणारं ॲप टाकू का, की मॅजिस्कच्या भानगडीत पडू, आणि नाही जमलं तर फोन पहिल्यासारखा होतो ना? हा शेवटचा प्रश्न सगळे अगदी जाता जाता विचारतात, पण माझ्या मते ठरवायला सुरुवात तिथूनच करायची. रूट म्हणजे फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवणं, आणि मॅजिस्क हे त्यासाठीचं एक टूल. रूट झालं की नाही ते लगेच कळतं. अनरूट नीट झालं की नाही हे कधीकधी महिन्यांनी कळतं, अपडेट येतं आणि बसत नाही तेव्हा.

म्हणून इथे तीन रस्ते शेजारी शेजारी ठेवतोय. वन-क्लिक टूल, बूटलोडर (फोन सुरू होताना कुठलं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारं कुलूप) अनलॉक करून मॅजिस्क, आणि रूट न करताच काम भागवणं. चौथा रस्ता म्हणजे दुकानात देणं, त्यावर खाली दोन ओळी आहेत, जास्त नाही.

वन-क्लिक टूल नक्की काय करतं

आधी एक गोंधळ काढून टाकू, किंगरूट आणि किंगो रूट ही दोन वेगळी ॲप्स आहेत, नाव सारखं म्हणून लोक एकच समजतात. याच जातीतली फ्रामारूट, टॉवेलरूट, आयरूट. सगळ्यांची पद्धत थोड्याफार फरकाने एकच, अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये (सगळ्यात आतल्या गाभ्यात) किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये सापडलेली सिक्युरिटीची चूक वापरायची, तिच्यातून सगळ्यात वरची परवानगी मिळवायची, मग सिस्टिम पार्टिशनमध्ये (स्टोरेजच्या ज्या भागात अँड्रॉइड असतं तिथे) एसयू नावाची छोटी फाइल टाकून द्यायची आणि सोबत एक मॅनेजर ॲप बसवायचं. बूटलोडरला हात लागत नाही, डेटा उडत नाही, कंपनीकडे परवानगी मागावी लागत नाही. हे तीन फायदे खरेच मोठे आहेत, उगाच नावं ठेवायची नाहीत.

उदाहरण म्हणजे २०१४ चं टॉवेलरूट. आयफोनचं जेलब्रेक करून (कंपनीची बंधनं तोडून) गाजलेल्या जॉर्ज हॉट्झने काढलेलं. लिनक्स कर्नलमधल्या फ्युटेक्स नावाच्या भागातल्या चुकीवर ते चालायचं आणि ३ जून २०१४ च्या आधी बनलेला कर्नल असेल तरच काम करायचं. सॅमसंगवाल्यांना त्याचं खास कौतुक होतं कारण नॉक्सचा फ्यूज (छेडछाड झाली की कायमची बदलणारी सॅमसंगची सुरक्षेची खूण) न उडवता रूट मिळायचं, ते आज मॅजिस्कनेही होत नाही.

पण त्या तारखेतच सगळं आलं बघा. चूक बुजवली की टूल मेलं. ऑगस्ट २०१५ पासून गुगल दर महिन्याला सिक्युरिटी बुलेटिन काढायला लागलं, अँड्रॉइड ५ मध्ये एसईलिनक्स ही परवानग्यांची कडक व्यवस्था पूर्ण लागू झाली, आणि अँड्रॉइड ७ घेऊन आलेल्या फोनपासून व्हेरिफाइड बूट सक्तीचं, म्हणजे सिस्टिम पार्टिशनमध्ये काही बदल दिसला तर फोन चालूच व्हायला नकार देऊ शकतो. त्यामुळे किंगो-किंगरूट वगैरे अँड्रॉइड ४ आणि ५ वर बऱ्यापैकी चालतात, ६ वर नशिबाचा भाग, आणि त्यापुढे चालत नाहीत असंच धरा. आज जर कुणी अँड्रॉइड १४ साठी वन-क्लिक रूट म्हणून एपीके (ॲपची फाइल) देत असेल तर ते रूट सोडून बाकी सगळं करेल. मधेच एखादा अपवाद निघतो, मीडियाटेकच्या चिपमधली एक चूक गुगलने मार्च २०२० च्या बुलेटिनमध्ये दाखवली, तिच्यावर तात्पुरतं रूट मिळायचं, पण तेही आता जुनं झालं.

दुसरी गोष्ट विश्वासाची. ही टूल्स बंद सोर्सची आहेत, आत काय चाललंय हे कुणी वाचू शकत नाही, आणि तुम्ही त्यांना फोनमधला सगळ्यात मोठा अधिकार देताय. म्हणून माझा नियम, वन-क्लिक फक्त त्या फोनवर ज्यात सिम नाही, बँकेचं ॲप नाही, रोजचं गुगल अकाउंट नाही.

मॅजिस्क

हे २०१६ मध्ये जॉन वू या तैवानच्या मुलाने काढलं, तो पुढे २०२१ ला गुगलच्याच अँड्रॉइड सिक्युरिटीच्या टीममध्ये गेला, गंमतच आहे. कोड सगळा उघडा आहे. सिस्टिम पार्टिशनला ते हात लावत नाही, फक्त बूट इमेज, म्हणजे फोन सुरू करणारी फाइल, बदलतं, आणि अनरूटच्या वेळी हाच मुद्दा कामाला येतो.

काम असं, कंपनीच्या पद्धतीने बूटलोडर अनलॉक करायचा, आपल्याच फोनच्या, आपल्याच बिल्डच्या (नेमक्या आवृत्तीच्या) फर्मवेअरमधून, म्हणजे कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमधून, बूट इमेज काढायची (अँड्रॉइड १३ सोबत बाजारात आलेल्या बऱ्याच फोनमध्ये इनिट-बूट नावाची वेगळी फाइल असते, ती घ्यायची), मॅजिस्क ॲपमध्ये ती पॅच करायची आणि लॅपटॉपवरून फास्टबूट या टूलने फ्लॅश करायची, म्हणजे फोनमध्ये लिहायची. सॅमसंगला फास्टबूट नसतं, तिथे ओडिन नावाचं टूल. ॲप गिटहब या कोडच्या साइटवरूनच घ्यायचं, सर्चमध्ये वर येणाऱ्या मॅजिस्क नावाच्या वेबसाइट जॉन वूच्या नाहीत.

किंमत काय मोजायची? अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो, फोटो-चॅट सगळं. दर वेळी चालू करताना बूटलोडर उघडा आहे म्हणून वॉर्निंग येते. काही फोनवर वाइडवाइनची (व्हिडिओची कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) लेव्हल उतरते आणि नेटफ्लिक्स-प्राइमवर एचडी जातं. सॅमसंगमध्ये नॉक्सचा फ्यूज शून्याचा एक होतो तो कायमचा, मग अनरूट करा, नवीन फर्मवेअर टाका, सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट परत येत नाही. सॅमसंग असेल आणि सिक्युअर फोल्डर वापरत असाल तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

आणि यूपीआय. वडापावच्या गाडीपासून रिक्षापर्यंत सगळीकडे क्यूआर, आणि बँकांची बरीच ॲप्स रूट दिसलं की उघडतच नाहीत. मॅजिस्कमध्ये डिनायलिस्ट (निवडलेल्या ॲप्ससाठीची यादी) आहे, वर वेगवेगळी मॉड्यूल, म्हणजे जोड-फाइल, मिळतात, पण फोनशी छेडछाड झालीय का ते तपासणारं जुनं सेफ्टीनेट गुगलने काढून प्ले इंटिग्रिटी आणलंय आणि ती तपासणी आता हार्डवेअरमधल्या किल्लीपर्यंत जाते. लोक बाहेर फुटलेले कीबॉक्स (खऱ्या फोनच्या त्या किल्ल्यांच्या फाइल) शोधून टाकतात, गुगल ते रद्द करतं, परत नवीन शोधा. कॉलेजात असाल तर मजा आहे. सकाळी ठाणे-वाशी लोकल पकडायच्या घाईत तिकिटाचे पैसे जाईनात म्हणून मॉड्यूल अपडेट करत बसायचं असेल तर तुमची मर्जी.

परत यायचं कसं

आता मुख्य भाग. पहिलं म्हणजे फॅक्टरी रीसेट केलं की रूट जातं हा समज डोक्यातून काढा. रीसेटमध्ये डेटा आणि कॅश पुसली जाते, वन-क्लिक टूलने फाइल टाकलेली असते सिस्टिममध्ये, ती तशीच राहते. फोन कोरा दिसतो, रूट जिवंत.

वन-क्लिकवाल्यांकडे अनरूटचं बटण असतं. किंगोमध्ये ज्या जागी रूट करतो तिथेच रिमूव्ह रूट दिसतं, किंगरूटच्या सेटिंगमध्ये स्वतःला काढायचा पर्याय आहे, आणि कुणी नंतर सुपरएसयू हे रूटचं मॅनेजर ॲप टाकलं असेल तर त्यात फुल अनरूट. दाबल्यावर रूट चेकरमध्ये नाही असं येतंही. पण अँड्रॉइड ५ पासून कंपनीचं अपडेट सिस्टिम पार्टिशनचा ब्लॉक न ब्लॉक तपासतं, एखादी फाइल जरी आधी बदलून परत ठेवली तरी हिशोब जुळत नाही आणि अपडेट फेल. म्हणजे बटणाने रूट जातं पण फोन पहिल्यासारखा होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरं अनरूट म्हणजे कंपनीचं मूळ फर्मवेअर परत फ्लॅश करणं. सॅमसंगचं सहज मिळतं, ओडिनने टाकलं की झालं. पण घरात पडलेले जुने मायक्रोमॅक्स, कार्बन वगैरे असतील तर एकाच नावाच्या मॉडेलमध्ये आतलं हार्डवेअर वेगवेगळं असायचं, चुकीची फाइल एसपी फ्लॅश टूलने मारली की स्क्रीन पांढरी किंवा टच उलटा. त्यामुळे वन-क्लिक दाबायच्या आधी आपल्या बिल्ड नंबरचं फर्मवेअर हातात आहे का ते बघा, नसेल तर दाबू नका, किंवा तो फोन गेला असं समजूनच दाबा.

मॅजिस्कचं परत येणं जास्त स्वच्छ. ॲपमध्ये अनइन्स्टॉल, त्यात एक पर्याय मूळ इमेज परत ठेवायचा, दुसरा पूर्ण काढायचा. ॲप उघडतच नसेल तर मूळ बूट इमेज फास्टबूटने परत टाका, म्हणूनच ती फाइल लॅपटॉपवर आणि अजून एका ठिकाणी जपून ठेवायची असते. सिस्टिम अखंड असल्याने त्यानंतर अपडेटही नीट बसतं.

पण इथेही एक खड्डा आहे आणि तो मोठा आहे, बूटलोडर परत लॉक करणं. लॉक करताना फोन परत पुसला जातो ते सोडा, आत शंभर टक्के मूळ सॉफ्टवेअर नसताना लॉक केलं तर फोन उठतच नाही. शाओमीच्या मी फ्लॅश टूलमध्ये खाली कोपऱ्यात क्लीन ऑल अँड लॉक हा पर्याय आधीच निवडलेला असतो, घाईत लोक तसंच फ्लॅश दाबतात. चीनहून आलेला फोन असेल, त्यावर ग्लोबल रॉम (चीनबाहेरचं सॉफ्टवेअर) असेल आणि लॉक झाला, तर हे सॉफ्टवेअर या फोनवर चालणार नाही असा मेसेज येऊन बसतो आणि मग सर्व्हिस सेंटरशिवाय फार पर्याय राहत नाही. म्हणून मी फ्लॅशमधला तो पर्याय बदलून नुसतं क्लीन ऑल करून घ्या, मग फ्लॅश.

दुकानात देऊ का? वाशी स्टेशनजवळ, ठाण्यात गोखले रोडला, कुणीतरी सॉफ्टवेअर मारून देतो म्हणणारा मिळेलच. फर्मवेअर परत टाकायला हरकत नाही, त्यांच्याकडे बॉक्स-डोंगल असतात, पण फोन आधी पुसून द्या आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. स्वतःचा फोन रूट करण्यावर आपल्याकडे बंदी नाही, आयएमईआयशी खेळणं मात्र गुन्हा आहे, २०१७ च्या नियमांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

रूट न करता

आता मी उलटं विचारतो, रूट कशाला हवंय? पूर्वी कारणं होती. अँड्रॉइड २.३ च्या काळात बऱ्याच फोनवर मराठी मेसेज म्हणजे नुसते चौकोन दिसायचे, फॉन्ट टाकायला रूट लागायचं. नंतर जेमतेम ४ जीबी स्टोरेज, ॲप कार्डावर ढकलायला रूट. आज पोरांना विचारलं तर नव्वद टक्के उत्तर हेच, कंपनीची फालतू ॲप्स काढायचीत आणि जाहिराती घालवायच्यात.

दोन्ही रूटशिवाय होतं. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, डेव्हलपर ऑप्शन, यूएसबी डीबगिंग, आणि लॅपटॉपवरून एडीबी या कमांडच्या टूलने नको ते ॲप आपल्या युजरपुरतं काढून टाकायचं. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग असल्याने शिझुकू आणि कँटा ही ॲप्स घेतली तर लॅपटॉपही लागत नाही. मूळ ॲप सिस्टिममध्ये राहतंच, त्यामुळे जागा फारशी वाचत नाही, पण दिसत नाही, चालत नाही. आणि याचं अनरूट काय? फॅक्टरी रीसेट, सगळं परत. इथे मात्र रीसेट पुरतो. फक्त शाओमीत फाइंड डिव्हाइससारखं काहीतरी काढलं तर बूटलूप होतो (फोन परत परत रीस्टार्ट होत राहतो), तेव्हा यादी वाचून काढा. काम झालं की डेव्हलपर ऑप्शन बंद करा, काही बँकांची ॲप्स त्यावरही रुसतात.

जाहिरातींसाठी अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे, जाहिराती अडवणाऱ्या ॲडगार्डचा पत्ता टाका, गेम आणि न्यूज ॲपमधल्या बऱ्याच गायब. यूट्यूबच्या जात नाहीत, त्यासाठी भांडू नका.

रूटशिवाय होतच नाही अशी कामं उरतात ती थोडी, फोन सतत चार्जिंगला लावून कॅमेरा किंवा गाण्यांसाठी ठेवायचा असेल तर जुन्या फोनला चार्जिंगची मर्यादा घालणं, ज्याने बॅटरी फुगत नाही. किंवा ॲपच्या आतल्या डेटासकट पूर्ण बॅकअप.

तर कुणी काय घ्यावं

२०१५ किंवा त्याआधीचा, ड्रॉवरमधला, अँड्रॉइड ४-५ चा फोन: वन-क्लिक करून बघा, वरची सिमची अट पाळून. ४ वाल्यावर तसंही व्हॉट्सॲप आता चालत नाही, गमावण्यासारखं काही नाही. पिक्सेल, मोटोरोला, नथिंग, वनप्लस, आणि तो तुमचा दुसरा फोन असेल: मॅजिस्क, निवांत रविवार बघून, मोटोच्या अनलॉक कोडबरोबर वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं एवढं लक्षात ठेवून. शाओमी: अनलॉकला कंपनीची परवानगी आणि वेटिंग, हायपरओएस हे नवीन सॉफ्टवेअर आल्यापासून अजून कटकट, धीर असेल तरच. ज्या फोनवर पगाराची बँक आणि यूपीआय आहे तो कुठल्याही कंपनीचा असो, एडीबी आणि प्रायव्हेट डीएनएस, त्यापुढे नाही. आणि विवो किंवा आयकू असेल तर अधिकृत अनलॉकच नाही, वरचं अर्धं पान तुमच्यासाठी नव्हतंच.