आरसा अडकला तर: के१००० परवडतो की एई-१?

जुना फिल्म एसएलआर (लेन्समधून आलेलं दृश्य आरशावरून डोळ्यापर्यंत पोचवणारा कॅमेरा) घ्यायचा आणि अडला तर आधी स्वतः उघडून बघायचा, असं ज्यांनी ठरवलंय त्यांची निवड बहुधा पेंटॅक्स के१००० आणि कॅनन एई-१ या दोन नावांशी येऊन थांबते. दोन्ही १९७६ चे, दोन्हींच्या शटरमध्ये, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणाऱ्या झडपेत, आडवा सरकणारा कापडी पडदा, दोन्हींचा सर्वाधिक वेग १/१००० सेकंद. फोटो कसा येतो हे लेन्सवर ठरतं, त्यामुळे तिथे भांडण नाही. फरक कळतो तो कॅमेरा मध्येच थांबल्यावर.

के१००० मध्ये प्रत्येक हालचाल पुढच्या हालचालीला ढकलते. फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर ओढला की पडद्यांच्या आणि आरशाच्या स्प्रिंगा ताणल्या जातात. बटण दाबलं की आरसा वर जातो, पूर्ण वर पोचल्यावर पहिला पडदा सुटतो, मागोमाग दुसरा. हा दुसरा पडदा टोकाला पोचला की तोच आरशाला खाली सोडतो. म्हणून ‘आरसा वर अडकलाय’ या तक्रारीत पुष्कळदा आरशाचा काही दोष नसतो. लेन्स काढावी, मागचं दार उघडावं आणि पडद्याचा प्रवास संपतो त्या कडेला बघावं. तिथे उजेडाची फट दिसली तर दुसरा पडदा शेवटचे एक-दोन मिलिमीटर गेलेला नाही. जुनं वंगण घट्ट झालंय किंवा रोलरच्या टोकाशी कचरा आहे. पडदा पूर्ण बंद आहे आणि तरीही आरसा वरच, तर संशय आरसा वर जाऊन टेकतो त्या फोमच्या पट्टीवर घ्यावा. तो वर्षानुवर्षांत डांबरासारखा होतो आणि आरशाची कड धरून ठेवतो.

आरसा अर्ध्यावर थांबला असेल तर लेन्स काढल्याबरोबर सुटतो का पाहावं. सुटला, तर दोष लेन्सच्या ॲपर्चरच्या (उजेड आत येण्याच्या भोकाच्या) दांडीत आहे, बॉडीला हात लावायची गरज नाही. १/६० आणि वरचे वेग ठीक चालतात, पण १/३० आणि त्याखाली शटर रखडतं, अशा वेळी मंद वेगांची गिअरमाला चिकटलेली असते. थोडक्यात, कुठे थांबलं ते नीट बघितलं की अर्धं निदान झालेलं असतं.

एई-१ अडतो तेव्हा काय दिसतं? आरसा खाली, लिव्हर घट्ट, बटण दाबलं तरी काही नाही. इथे गोष्ट किचकट होते. सहा व्होल्टची ४एलआर४४ बॅटरी संपली तरी हेच दिसतं, कारण शटर ताणलेलं असतं आणि विजेशिवाय सुटत नाही. बॅटरी नवी, पण कप्प्यातल्या पत्र्यावर पांढरी-हिरवी पूड आहे, तरी हेच. शटर सोडणाऱ्या चुंबकाच्या तोंडावर चिकट थर बसला तरी हेच. सर्किटमधलं काही गेलं तरीही हेच. चार वेगळी दुखणी आणि लक्षण एकच.

बॅटरीवर चालणाऱ्या शटरबद्दल मला खटकतं ते एवढंच, आणि माझ्यापुरती निवड त्यावरच ठरली. कॅमेरा बोलतच नाही, आपण एकेक शक्यता खोडत बसायचं. पत्रे व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कोरडे करायचे. नवी बॅटरी घालून तपासणीचं बटण दाबायचं, व्ह्यूफाइंडरमधली सुई ५.६ च्या खुणेपर्यंत किंवा तिच्याखाली यायला हवी. मग खालचं झाकण काढून, अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेली कागदाची पट्टी चुंबकाच्या फटीतून हलकेच ओढायची. तोवर चाललं तर चाललं. पुढे वरचं झाकण काढावं, तर पेंटाप्रिझमभोवती गुंडाळलेला लवचीक सर्किट बोर्ड समोर येतो आणि घरगुती दुरुस्ती बहुतेकांसाठी तिथेच थांबते. सुटा भाग हवा तर दुसरी मेलेली बॉडी शोधायची.

एई-१ चा प्रसिद्ध ‘खोकला’ मात्र वेगळा. शटर दाबताना किंचाळल्यासारखा आवाज येतो, तो आरशाच्या यंत्रणेतल्या कोरड्या पडलेल्या गिअरचा. दुर्लक्ष केलं तर आरसा जड होत जातो. लांब वाकवलेल्या सुईने त्या गिअरच्या आसाला घड्याळाच्या पातळ तेलाचा एक लहानसा थेंब द्यायचा. दुसरा थेंब द्यायचा मोह आवरावा, जास्तीचं तेल पुढे चुंबकापर्यंत आणि पडद्यापर्यंत जातं.

न्यायाने सांगायचं तर चालू स्थितीतला एई-१ वापरायला जास्त सुखाचा आहे. शटरचा वेग आपण ठरवायचा, ॲपर्चर तो ठरवतो. शिवाय मंद वेग इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे गिअरमालेसारखे सुस्तावत नाहीत. ज्यांना झाकण उघडायचंच नाही, त्यांनी दुरुस्त केलेला एई-१ घ्यायला हरकत नसावी.

निकॉन एफएमचं नावही या चर्चेत निघतं. १९७७ चा, यांत्रिक, धातूच्या पात्यांचं उभं शटर. कॅमेरा भक्कम, पण पात्यांवर तेलाचा किंवा वितळलेल्या फोमचा अंश आला की ती एकमेकींना चिकटतात, आणि बोटाने ढकलली तर वाकतात. शिकाऊ हातासाठी कापड जास्त क्षमाशील वाटतं.

के१००० उघडणार असाल तर स्क्रूड्रायव्हर जेआयएस (जपानी मानक) मापाचा घ्या, साध्या फिलिप्सने या जपानी स्क्रूंची डोकी झिजतात. घट्ट वंगण विरघळवायला लायटर फ्लुइड बारीक ब्रशच्या टोकाने, फक्त आसांवर. ओतलं तर विरघळलेली घाण फोकसिंग स्क्रीनवर (आरशावरचं दृश्य जिच्यावर उमटतं त्या चकतीवर) उतरते, आणि त्या प्लॅस्टिकला अल्कोहोल लावून चालत नाही. आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, तो घासू नये. फोम खरवडताना स्क्रीनवर कागद झाकून ठेवावा. डब्ल्यूडी-४० चा डबा टेबलावर आणूच नये.

आणि पडदा रखडतोय म्हणून त्याच्या स्प्रिंगचा ताण वाढवू नका. मळ तसाच राहतो, दोन पडद्यांचा वेग जुळेनासा होतो आणि १/१००० ला फ्रेमची एक बाजू काळवंडते. आधी साफ करा, दहा-वीस वेळा रिकामा चालवा, तरीही फट राहिली तरच ताणाला हात लावा, तोही अगदी थोडा आणि मूळ जागेवर खूण करून.