धबधब्याची वाट आणि पाठीवरचे मूल: फ्रेमच्या कॅरिअरविषयी

दोन वर्षांच्या आसपासच्या मुलाला घेऊन धबधब्यापर्यंत चालत जायचे म्हटले, की त्याला किती चालवायचे आणि किती उचलायचे हा हिशेब आधीच मांडावा लागतो. या वयाचे मूल सपाट वाटेवर मजेत चालते, दिसेल त्या दगडाची आणि मुंगीची चौकशी करते, आणि चढ सुरू झाला की दोन्ही हात वर करून वाटेतच उभे राहते. पुढचे अंतर ते कडेवर बसून जाणार असेल, तर उचलणाऱ्याचा एक हात कायमचा अडकतो आणि पायाखालची वाटही नीट दिसत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून आम्ही धातूच्या नळ्यांची चौकट असलेले, सॅकसारखे पाठीवर घ्यायचे चाइल्ड कॅरिअर वापरतो. वाटेसाठी ते उत्तम आहे. पाण्याजवळ मात्र त्याचा उपयोग संपतो, आणि हे ओळखूनच ते विकत घ्यावे, असे माझे मत झाले आहे.

पहिला प्रश्न वजनाचा. असे कॅरिअर रिकामे असतानाच साधारण तीन किलो भरते. त्यात बारा किलोचे मूल, दीड लिटर पाणी, कोरडे कपडे, डायपर आणि थोडा खाऊ घातला, की पाठीवर अठरा किलोच्या आसपास भार येतो. बहुतेक नावाजलेल्या कंपन्या कॅरिअर, मूल आणि सामान मिळून बावीस किलोच्या आसपासची मर्यादा सांगतात. काही कंपन्या कॅरिअरचे स्वतःचे वजन त्यात धरतात, काही धरत नाहीत, म्हणून माहितीपत्रकातली ती ओळ नीट वाचून घ्यावी. हा भार खांद्यांवर पेलायचा नसतो, कमरेच्या पट्ट्यावर पेलायचा असतो. पट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट बसला आणि त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढले, तर खांदे जवळजवळ मोकळे राहतात. हा क्रम उलटा झाला, की अर्ध्या तासात मान आखडते आणि दोष कॅरिअरला दिला जातो.

आई आणि वडील दोघेही आळीपाळीने मूल घेणार असतील, तर पाठीची लांबी कमी-जास्त करण्याची सोय कशी आहे, हे मी सर्वांत आधी पाहीन. आमच्या कॅरिअरमध्ये पाठीचा भाग वर-खाली सरकवता येतो, पण त्यासाठी ते खांद्यावरून उतरवून, मूल बाहेर काढून, मागच्या पट्टीशी बरीच झटापट करावी लागते. परिणाम असा, की थकवा आला तरी बदली टाळली जाते. दुकानात हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे. विक्रेत्याने करून दाखवले म्हणजे ते सोपे आहे, असे समजू नये.

मुलाच्या बाजूने पाहिले, तर बैठकीची उंची आणि पायांचा आधार या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. बैठक अशी हवी, की मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार मिळेल आणि गुडघे कुल्ल्यांच्या पातळीला किंवा किंचित वर राहतील. पाय नुसते लोंबकळत राहिले, तर मांडीच्या कडेवर दाब येऊन ते बधिर होतात आणि मूल चुळबुळ करू लागते. पावले टेकवण्यासाठी रिकिबीसारखे पट्टे असलेले कॅरिअर म्हणूनच घ्यावे, जरी ते जोडायला कटकटीचे असले तरी. खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून जाणारे सुरक्षापट्टे दर वेळी लावायचे, ‘इथूनच तर जायचे आहे’ ही सबब चालायची नाही. वाहणारा माणूस बुटाची नाडी बांधायला कमरेतून वाकला, तर सैल बसलेले मूल त्याच्या डोक्यावरून पुढे येऊ शकते. खाली व्हायचे असेल तर पाठ सरळ ठेवून गुडघ्यात वाकावे.

मूल मान धरू लागले एवढे पुरेसे नाही; ते आधाराशिवाय नीट बसू लागले, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतरच, या कॅरिअरचा विचार करावा. त्याआधी अंगाशी बांधायचे कापडी कॅरिअर बरे. मोठे मूलही चालीच्या लयीत झोपी जाते आणि त्याची हनुवटी छातीवर टेकते. त्यासाठी समोर उशीसारखा आधार असतो, पण तो मुलाच्या उंचीप्रमाणे वर-खाली केलेला असला पाहिजे, आणि दुसऱ्या मोठ्या माणसाने मागे चालत अधूनमधून चेहरा पाहत राहिले पाहिजे. एकटे जाणाऱ्याने खांद्याच्या पट्ट्याला लहानसा आरसा अडकवावा. आमच्या संचात सोबत आलेली वस्तू म्हणून ज्याची मी फारशी दखल घेतली नव्हती, तो हा आरसा आता सर्वाधिक वापरात आहे.

वेळेचा अंदाज हा कॅरिअरचा गुणदोष नव्हे, पण त्याच्याशी जोडलेला आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. त्यानुसार 4 किलोमीटरची, 300 मीटर चढाईची वाट एक तास अठरा मिनिटांत व्हावी. तो हिशेब धडधाकट प्रौढांचा आहे. मूल पाठीवर असेल तर मी त्याच्या दुप्पट वेळ धरतो, कारण दर पाऊण तासाने त्याला उतरवून पाय मोकळे करू द्यावे लागतात, आणि एकदा खाली उतरलेले मूल पुन्हा बसायला राजी होण्यासाठी स्वतःचा वेळ घेते.

आता धबधब्याकडे. जसजसे जवळ जावे, तसतसा तुषारांसह थंड वारा येऊ लागतो. चढून आलेला माणूस घामाने भिजलेला असतो आणि त्याला तो वारा सुखाचा वाटतो; मूल मात्र तासभर हालचाल न करता बसलेले असते, म्हणून आपल्या अंगाच्या अंदाजावर त्याला कपडे घालू नयेत. त्याच्या मानेच्या मागे हात घालून पाहावा. कॅरिअरचे पावसाचे आवरण तुषार अडवते, पण उन्हात तेच आत ऊब कोंडते, तेव्हा ते गरज संपताच काढावे.

शेवाळलेले ओले खडक सुरू झाले, की हे कॅरिअर मदत करायचे सोडून अडचण करू लागते. मूल खांद्यांच्या वर बसलेले असल्यामुळे तोल वरच्या बाजूला सरकलेला असतो, आणि मुलाने अचानक एका अंगाला झुकून बोट दाखवले, तरी वाहणाऱ्याचे पाऊल हलते. दोन काठ्या घेतल्या तर उतारावर पुष्कळ आधार मिळतो, पण निसरड्या खडकावर काठीचेही टोक घसरते. पाण्यातून पलीकडे जाण्याचा तर प्रश्नच नाही: मूल चौकटीला पट्ट्यांनी बांधलेले असते आणि चौकट आपल्या कमरेला, तेव्हा पडल्यास दोघांपैकी कोणालाही झटकन सुटता येत नाही. असे असूनही जाहिरातींच्या छायाचित्रांत कॅरिअर पाठीवर घेऊन गुडघाभर ओढा ओलांडणारे हसरे आईवडील का दाखवतात, ते मला समजत नाही.

म्हणून कोरडी वाट संपते तिथेच कॅरिअर उतरवावे. मागचा स्टँड सपाट जमिनीवरच उघडावा आणि तो उघडला तरी मूल आत असताना हात सोडू नये. उतारावर किंवा गोट्यांवर तो सहज कलंडतो. पुढचा भाग हात धरून चालण्याजोगा असेल तर जावे, नसेल तर तिथूनच धबधबा पाहावा. कड्याच्या अगदी खाली बसू नये, कारण पाण्याबरोबर दगडही येतात. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर कुठे तरी तो पडलेला असतो. तेव्हा लगेच उंच जागी निघावे.

मूल नीट बसू लागल्यापासून साधारण तीन वर्षांचे होईपर्यंत जे कुटुंब वरचेवर लांब वाटा चालणार आहे, त्याने हे कॅरिअर जरूर घ्यावे. वर्षातून एखाद्या वेळी जाणाऱ्यांनी भाड्याने मिळते का ते पाहावे. वापरलेले घेणार असाल, तर प्रत्येक बकल लावून-ओढून पाहा, शिवणी उलट्या करून तपासा, स्टँडचा खटका पक्का बसतो का ते बघा, आणि त्या मॉडेलबाबत कंपनीने माल परत मागवल्याची सूचना काढली होती का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर शोधल्याशिवाय पैसे देऊ नका.