जुन्या बाइकचा फ्लॅशर: थर्मलच ठेवावा की इलेक्ट्रॉनिक बसवावा?

इंदूरला पलासियाच्या चौकात सिग्नलला हात बाहेर काढून वळणारा आरएक्स १०० वाला दिसला, तर बहुतेक वेळा त्याचा फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा रिले, गेलेला असतो. मेकॅनिककडे गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘भिया, एलईडीवाला रिले डाल देते हैं।’ सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण सरसकट बरोबरही नाही. फ्लॅशर एकटा काम करत नाही. त्याचं निम्मं काम बल्ब करतात, म्हणून आधी बल्ब कोणते ठेवायचे ते ठरवा आणि मग फ्लॅशरकडे वळा.

त्याच्याही आधी एक तपासणी करून घ्या. फ्लॅशरच्या दोन वायरी काढून त्या एका तुकड्याने जोडा, इग्निशन चालू करा आणि इंडिकेटरचं बटण एका बाजूला करा. दोन्ही दिवे न लुकलुकता भरपूर पेटले, तर दोष फ्लॅशरचा. मंद पेटले किंवा एकच पेटला, तर नवा रिले आणून काही उपयोग नाही. बल्ब, होल्डरमधला गंज किंवा अर्थिंग (चेसिसशी असलेला जोड) बघा. जुन्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी रबरात बसवलेली असते, वरून नव्याने रंग किंवा क्रोम केलेलं असतं आणि तिथेच अर्थ तुटतो. होल्डरपासून चेसिसपर्यंत एक स्वतंत्र वायर टाकली की कित्येक ‘खराब’ फ्लॅशर आपोआप बरे होतात.

६ व्होल्टच्या गाडीत ही गोष्ट जास्त जाचते. १० वॅटचे दोन बल्ब तिथे सुमारे ३.३ अँपिअर करंट ओढतात, १२ व्होल्टवर तेच काम १.७ मध्ये होतं. गंजलेल्या जोडात १ व्होल्ट गेला, तर १२ व्होल्टच्या गाडीत उजेड पाऊणभर तरी उरतो, ६ व्होल्टच्या गाडीत तो जवळपास निम्म्यावर येतो.

आता थर्मल फ्लॅशर. आत दोन धातूंची पट्टी असते. बल्बचा करंट तिला तापवतो, ती वाकते, संपर्क तुटतो. थंड झाली की परत जुळतो. म्हणजे वेग बल्बच्या वॅटवर ठरतो. एक बल्ब उडाला की पट्टी पुरेशी तापत नाही आणि दुसरा नुसता पेटून राहतो. चालकाला बिघाड कळायची ही सोय फुकटात मिळते. प्लस-मायनसचं बंधन नाही, त्यामुळे पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या, म्हणजे बॅटरीचा प्लस चेसिसला जोडलेल्या जुन्या ब्रिटिश बाइकवरही तो चालतो. ती टिकटिकही जुनीच राहते, आणि ज्यांनी गाडी मूळ रूपात राखायची ठरवलंय त्यांना तेवढंच पुरतं. पण डिसेंबरच्या सकाळी तो आळसावतो आणि सिग्नलला इंजिन मंद चालताना व्होल्टेज पडलं की लुकलुक रेंगाळते. हादऱ्यांनीही तो मरतो, म्हणून त्याचा रबरी माउंट टाकून देऊ नका.

इलेक्ट्रॉनिकमध्ये दोन जाती आहेत, आणि दुकानात हा फरक कुणी आपणहून सांगत नाही. दोन पिनांचा रिले जुन्याच्या जागी सरळ बसतो, पण त्याला चालायला लागणारी वीज तो बल्बमधूनच घेतो. एलईडीबरोबर मग दिवे पूर्ण विझत नाहीत, मिणमिणत राहतात. तीन पिनांच्या रिलेला स्वतःचा अर्थ असतो: बी म्हणजे बॅटरी, एल म्हणजे स्विचकडे जाणारी वायर, ई म्हणजे अर्थ. एक वायर जास्त ओढावी लागते, पण वेग स्थिर राहतो. मात्र ‘एलईडीसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. साधा तीन पिनांचा कमी लोड दिसला की बल्ब उडाला असं समजून भराभर फडफडतो. वाहनांच्या नियमांत मिनिटाला ६० ते १२० वेळा ही मर्यादा असते. साधारण ९० डोळ्यांना बरं वाटतं.

तिसरा मार्ग म्हणजे एलईडीला समांतर रेझिस्टर जोडून जुन्या फ्लॅशरला फसवणं. जेल रोडवर रेझिस्टर सहज मिळेल, पण मला हा उपाय पटत नाही. वाचवलेली वीज आपण पुन्हा उष्णता करून उधळतो, आणि तो तापलेला तुकडा हेडलाइटच्या डब्यात वायरींना चिकटून बसतो.

एलईडी घ्यायचेच असतील, तर पिवळ्या काचेत पिवळेच घ्या. पांढरे फिकट दिसतात. शिवाय जुना रिफ्लेक्टर चहूकडे उजेड फेकणाऱ्या बल्बसाठी बनवलेला असतो. स्वस्त एलईडी एकाच दिशेला उजेड मारतो आणि भर दुपारच्या उन्हात मागच्याला काही दिसत नाही.

माझा कौल असा. ६ व्होल्टची यझदी किंवा राजदूत १७५ असेल आणि ती फक्त रविवारी निघत असेल, तर फिलामेंट बल्ब, त्याच वॅटचा थर्मल फ्लॅशर आणि नीट अर्थिंग. रोज ऑफिसला जाणारी १२ व्होल्टची आरएक्स १०० असेल, तर एलईडीसाठीचा तीन पिनांचा. तो मूळ बल्बांवरही चालतो, म्हणून रिले आज आणि एलईडी नंतर असं करता येतं. पॉझिटिव्ह अर्थवर मात्र नेहमीचा इलेक्ट्रॉनिक रिले लावू नका, जळेल.

एलईडी बसवल्यावर चारही दिवे एकदम लुकलुकायला लागले, तर रिलेवाल्याशी भांडायला जाऊ नका. मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच इंडिकेटर दिवा असेल, तर तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो आणि विरुद्ध बाजूच्या बल्बांमधून अर्थ घेतो. फिलामेंटला एवढ्याशा करंटने काही होत नाही, एलईडी मात्र तेवढ्यावर पेटतो. दोन १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) घ्या. डाव्या आणि उजव्या वायरीतून एकेक डायोड त्या दिव्याच्या एका टोकाला आणा, डायोडवरची पट्टी दिव्याकडे ठेवा आणि दुसरं टोक चेसिसला द्या.