कार्डात गोष्ट नसतेच! मुलांच्या ‘स्क्रीन-फ्री’ बॉक्समध्ये आम्ही कसे फसलो

दिवाळीच्या आधी पुण्यात मिळेल त्या हॉलमध्ये प्रदर्शनं भरतात. पणत्या, कुर्ते, चकलीची भाजणी आणि हल्ली एखाद्या कोपऱ्यात ‘स्क्रीन-फ्री बालपण’ अशी पाटी लावलेला मुलांच्या वस्तूंचा स्टॉल. कोथरूडमधल्या अशाच एका प्रदर्शनात आम्ही गोष्टी ऐकवणारे दोन बॉक्स घेतले आणि ११,४०० रुपयांना बुडालो. यंदा तोच माल दुसऱ्या नावानं विकायला आलाय असं ओळखीतल्या दोघींकडून कळलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मुळात ही वस्तू वाईट नाही. जर्मनीचा टोनीबॉक्स २०१६ पासून बाजारात आहे. त्याच्या डोक्यावर छोटी बाहुली ठेवली की गोष्ट सुरू होते. ब्रिटनच्या योटोमध्ये बाहुलीऐवजी कार्ड खोचायचं. पण त्या बाहुलीत किंवा कार्डात गोष्ट नसतेच. आत एक एनएफसी चिप, म्हणजे नुसती जवळ टेकवली की वाचली जाणारी चिप असते, पुणे मेट्रोच्या कार्डात असते तसली, आणि ती फक्त ‘मी अमुक गोष्टीचं कार्ड’ एवढंच सांगते. मग बॉक्स वायफायवरून कंपनीच्या सर्व्हरवरची गोष्ट आणतो आणि स्वतःच्या पोटात साठवतो. एकदा साठवली की पुढे वायफाय असो-नसो, वाजते. म्हणजे आपण पैसे मोजतो ते किल्लीचे. कुलूप आणि आतला माल विकणाऱ्याच्या ताब्यात असतो. आम्हाला फसवलं ते नेमकं इथेच.

स्टॉलवरचा मुलगा गोड बोलणारा होता. “ताई, टेक्नॉलॉजी जर्मन, पण गोष्टी आपल्या मराठीत. कलाकारांकडून स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतल्यात.” मराठी म्हटलं की आपण निम्मे तिथेच विरघळतो. त्यानं कार्ड टेकवलं, चिऊ-काऊची गोष्ट सुरू झाली, धाकटा तिथेच फतकल मारून बसला. एक बॉक्स ४,५०० रुपये. थोरली नऊ वर्षांची, तिला रहस्यकथा हव्यात. धाकटा पाचचा, त्याला एकच गोष्ट दिवसभर. एकच बॉक्स आणला असता तर रोज महाभारत, म्हणून दोन घ्यायचं ठरलं.

मग त्यानं कार्डांचा विषय काढला. “हे कार्ड पहिल्यांदा ज्या बॉक्सला लावाल त्यालाच लॉक होतं. भावंडं असली की दोन सेट घ्यावेच लागतात.” एक सेट १,२०० रुपयांचा, तेही दोन घेतले. ही शुद्ध थाप होती. विकत घेतलेली टोनीची बाहुली किंवा योटोचं कार्ड त्याच जातीच्या कुठल्याही बॉक्सवर चालतं. मुलं ती मित्रमैत्रिणींमध्ये अदलाबदल करतात. आमच्या थापेचा निकाल तर धाकट्यानं पहिल्याच संध्याकाळी लावला. ताईची कार्डं उचलून आपल्या बॉक्सला लावली आणि सगळी वाजली! फोन केल्यावर उत्तर आलं, “मॅडम, तुम्हाला स्पेशल अनलॉक दिलाय.” म्हणजे २,४०० पैकी निम्मे पैसे उघडउघड उकळलेले.

तरी बॉक्स वाजत होते, मुलं खूश होती, म्हणून आम्ही सोडून दिलं. एकदा जेवताना धाकटा वरणभात कालवत गंभीरपणे म्हणाला, “आणि बेल आयकॉन दाबायला विसरू नका.” आम्ही हसलो. नंतर थोरलीनं एका गोष्टीचा शेवट मुद्दाम ऐकवला. संगीत संपता संपता ‘...ब करा आणि बेल आयकॉन’ एवढं अर्धवट कापलेलं वाक्य राहिलं होतं. कुणाच्या तरी यूट्यूब चॅनेलवरून गोष्टी उतरवून घेतलेल्या. स्टुडिओ कसला आणि कलाकार कसले!

संक्रांतीच्या सुमारास एकेक कार्ड मुकं व्हायला लागलं. कार्ड लावलं की नुसतं ‘टूं’. वायफाय बघितलं, बॉक्स बंद-चालू केले, शेवटी भाच्यानं एक कार्ड आपल्या मोबाइलच्या पाठीला टेकवलं. स्क्रीनवर एक लिंक आली. ती फुकट फाइल ठेवायच्या कुठल्याशा साइटची होती आणि तिथली फाइल काढून टाकलेली होती. बॉक्स गोष्ट साठवत नव्हताच, दर वेळी त्या लिंकवरून ओढून वाजवत होता. स्टॉलवर ते चाललं कारण टेबलाखाली त्या मुलाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू होता.

एक बॉक्स घेऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले. दुरुस्तीवाल्या काकांनी स्क्रू काढले, आत बघितलं आणि मलाच विचारलं, “ह्यात जर्मन काय आहे?” साधा स्पीकर, एक वायफायची चिप, कार्ड वाचणारी पट्टी आणि कसलंही नाव-गाव नसलेला लिथियम सेल. पैशांपेक्षा मला तो सेल जास्त लागला, कारण धाकटा बॉक्स उशाशी घेऊन झोपायचा. आपल्याकडे अशा सेलला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर आयएस १६०४६ आणि ‘आर’नं सुरू होणारा क्रमांक असायला हवा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की बनवणाऱ्याचं नाव दिसतं. आमच्या सेलवर टाकण्यासारखं काही नव्हतंच.

पुढचा प्रकार याहून वाईट. पावतीवरचा नंबर बंद, म्हणून नवऱ्यानं त्या नावाचं कस्टमर केअर इंटरनेटवर शोधलं. नंबर मिळाला, उचललाही गेला. अत्यंत नम्र माणूस: “सर, तुमचा रिफंड मंजूर आहे, फक्त एक ॲप घ्या म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल, आणि क्यूआर पाठवतो तो स्कॅन करून पिन टाका.” सासूबाई सोफ्यावर भाजी निवडत ऐकत होत्या. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांनी जागेवरूनच विचारलं, “पैसे घ्यायला पिन कशाला लागतो रे?” फोन तिथेच संपला. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. एवढं माहीत असून रिफंड म्हटल्यावर माणूस कसा सैल पडतो, ते त्या दिवशी घरातच बघितलं. कुणाचे पैसे असे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच, त्याच तासात फोन करा; पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवता येण्याची शक्यता तेव्हा सगळ्यात जास्त असते.

बॉक्सची तक्रार मात्र रेंगाळली आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण ते समेट घडवतात, आदेश देऊ शकत नाहीत. समेट करायला समोर माणूस हवा आणि आमच्या पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही, सही म्हणजे एक फराटा. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं, कमाल किंमत हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर फक्त हसणारं अस्वल. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी आधी “आम्ही फक्त जागा देतो” म्हणून हात झटकले, फार मागे लागल्यावर स्टॉल बुकिंगचा पत्ता दिला. तिथे पाठवलेली नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ शेरा घेऊन परत आली.

प्रदर्शनात असा बॉक्स दिसला आणि मोह झालाच, तर एक करा. त्यांचं कार्ड लावून गोष्ट सुरू होऊ द्या, मग हॉटस्पॉट बंद करायला सांगा आणि तेच कार्ड काढून पुन्हा लावा. साठवणारा बॉक्स असेल तर वाजेल. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर पुढच्या भाजणीच्या स्टॉलकडे वळा. आम्ही आता दुकानातून पक्क्या बिलावर मेमरी कार्ड लागणारे दोन साधे प्लेअर आणलेत, सासूबाईंच्याच आवाजात गोष्टी भरल्यात. त्यांना सर्व्हर लागत नाही. बटणं मात्र फारच बारीक आहेत, धाकट्याला अजून दाबून द्यावी लागतात.

ग्राहक आयोगात जायला घटनेपासून दोन वर्षं असतात आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आयोगाची परवानगी घेऊन बऱ्याच जणांच्या वतीनं एकच तक्रारही करता येते. गेल्या दिवाळीत कोथरूडला हसऱ्या अस्वलाचं खोकं कुणी घेतलं असेल तर ते टाकू नका. पावती आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक सोबत ठेवा आणि मला कळवा. पैसे ज्या खात्यात गेले त्या माणसाचं नाव आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एकच निघालं, तर अपूर्ण पत्त्याचं पुढे बघता येईल.