अ‍ॅपला पाचपैकी साडेचार, अ‍ॅपच्या माणसाला दीड

गेल्या महिन्यात बाजारातले तिघेचौघे विचारून गेले, तुमच्याकडचा बोलका डबा, म्हणजे क्यूआरवर पैसे आले की मोठ्यानं सांगणारा साऊंडबॉक्स, कसा आहे हो, घेऊ का. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो. कंपनीचं नाव टाकत नाही, तक्रार माझ्या दुकानापुरती आहे आणि मला वकील परवडत नाही. साताऱ्यात कॉलेजजवळ झेरॉक्स, प्रिंट, स्टेशनरीचं दुकान आहे माझं, दोन वर्षं डबा गल्ल्यावर आहे. आवाज खणखणीत, चार्जिंग दोन दिवस जातं, भाडं महिन्याला १२५. स्क्रीनशॉट दाखवून वह्या घेऊन पळणारी पोरं डब्यामुळं बंद झाली हे खरं, आणि कुणी आपल्या क्यूआरवर स्वतःचा स्टिकर चिकटवून गेलं तरी डबा गप्प राहतो म्हणून लगेच कळतं. डब्याचं झालं. मला बोलायचंय ते आपली माहिती ही कंपनी सांभाळते कशी त्यावर.

आधी अ‍ॅप. अ‍ॅप खडूस आहे आणि म्हणूनच मला आवडतं. जूनमध्ये शाळांच्या ऐन सीझनला फोन बादलीत पडला, नवीन घेतला, अ‍ॅप टाकलं तर ते म्हणतं ज्या सिमचा नंबर बँकेत आहे त्याच सिमवरून मेसेज जाऊ द्या, मी दुसऱ्या स्लॉटचं सिम निवडलं होतं, तर तीन वेळा नाही म्हणालं. मग झालं एकदाचं, तर पहिले २४ तास ५००० च्या वर पैसे जाईनात. तिकडं कोल्हापूरचा वहीवाला ३८ हजारांसाठी दर अर्ध्या तासाला फोन करतोय आणि मी इकडं अ‍ॅपला शिव्या घालतोय. भाचा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणाला मामा, तुमचं सिम उद्या कुणी डुप्लिकेट काढलं ना, तर त्या चोरालाही हेच २४ तास लागतील. मग गप्प बसलो, वहीवाल्याला बँकेत जाऊन पैसे भरले.

त्यानंच सांगितलेली दुसरी गोष्ट मला कुठल्या जाहिरातीत दिसली नव्हती. यूपीआय पिन टाकायचं जे पान येतं ते अ‍ॅप कंपनीचं नसतंच, ते यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं असतं, पिन तिथंच कुलूपबंद होऊन बँकेकडं जातो, अ‍ॅपवाल्याला तो दिसतही नाही. म्हणजे कंपनीतल्या कुणी ठरवलं तरी माझा पिन त्याला बघता येणार नाही. कार्डाचंही तसंच, १ ऑक्टोबर २०२२ पासून पूर्ण कार्ड नंबर फक्त बँक आणि कार्डाचं नेटवर्क ठेवू शकतं, बाकीच्यांकडं त्याच्या बदली एक टोकन असतं. आणि पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा हे रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगून टाकलंय. थोडक्यात यातलं बरंचसं कंपनीचं कौतुक नाही, नियमाचं आहे. कंपनीनं स्वतःहून केलेलं म्हणजे दुकानातल्या पोरासाठी वेगळं लॉगिन, त्यात त्याला आलेले पैसे दिसतात पण खातं बदलता येत नाही, रिफंड करता येत नाही. हे झकास आहे. पैसे जमा होणारं बँक खातं बदलायला मी मुद्दाम एकदा जाऊन बघितलं, तर जुन्या नंबरवर ओटीपी, मग मान वळवून चेहऱ्याचा व्हिडिओ, मग एक दिवस थांबा. पैकीच्या पैकी.

त्यांच्या वेबसाईटवर सुरक्षेचं एक लांबलचक पान पण आहे. २५६ बिटचं एन्क्रिप्शन, आयएसओ २७००१, पीसीआय डीएसएस, कुलपाचं चित्र, सगळं आहे. वाईट नाही, ही सर्टिफिकेटं फुकट मिळत नसतात. पण ते वाचताना मला कॉसमॉस बँकेचं २०१८ चं प्रकरण आठवलं, आमच्या पुण्यातल्या पाहुण्यांचं खातं तिथंच असल्यामुळं तेव्हा घरात दोन दिवस तोच विषय होता. ऑगस्टमध्ये ९४ कोटी गेले, त्यातले बरेचसे एटीएममधून, आणि गंमत म्हणजे ग्राहकांच्या खात्याला कुणी हात लावला नव्हता, एटीएमनं पैसे देऊ का म्हणून विचारल्यावर बँकेच्या वतीनं हो नाही म्हणणारी जी मधली सिस्टीम असते, तिच्या जागी चोरांनी स्वतःची खोटी बसवली होती आणि ती सगळ्यालाच हो म्हणत सुटली. तिजोरी जागेवर, किल्ली जागेवर, मधलाच फितूर.

माझ्याकडं मधला आला तो पाठीला सॅक लावून.

डबा बसवायला आलेलं पोरगं चांगलं होतं हो, बावीस तेवीसचं, घामाघूम, गळ्यात कंपनीचं आयकार्ड. म्हणाला काका आधार, पॅन आणि कॅन्सल चेक द्या, पाच मिनिटात चालू करतो. मी काढून दिले. त्यानं काउंटरवर ठेवून स्वतःच्या फोनच्या साध्या कॅमेऱ्यानं फटाफट फोटो काढले आणि मग कंपनीच्या अ‍ॅपमध्ये गॅलरी उघडून त्यातले निवडायला लागला. मी समोरच उभा, ती गॅलरी सरकताना मला दिसली. समोरच्या पानपट्टीवाल्याचं पॅन, लेडीज टेलर ताईंचं आधार मागून पुढून, चष्म्याच्या दुकानाचा चेक, मग त्याच्या गावच्या जत्रेतले बैल, मग परत आधार. अख्ख्या गल्लीची केवायसी पोरानं खिशात घातली होती. आणि फोनला लॉक पण नाही, बोट वर सरकवलं की उघडा.

म्हटलं अरे बाबा, हे डिलीट कर. केलं बिचाऱ्यानं लगेच. म्हटलं आता कचऱ्याच्या डब्यातूनही काढ, तर माझ्याकडं बघतच राहिला. तोपर्यंत टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण टाकून झालं होतं, म्हणे साहेबांना रोजचा हिशोब द्यायला लागतो.

आता तुम्ही म्हणाल झेरॉक्सवाल्यानं दुसऱ्याला शिकवावं का. बरोबर आहे, मीच सांगतो. दिवसभर लोकांची आधारं माझ्या काचेवर पालथी पडलेली असतात, निम्मे लोक ओरिजिनल काचेखालीच विसरून जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, प्रिंट काढतो म्हणायचं, की फाईल आपल्या काँप्युटरवर उतरली. मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्या बंगळुरूच्या ऑफिसनं प्रेसनोट काढली होती, आधारची झेरॉक्स सरसकट कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार वापरा, नेट कॅफेत डाउनलोड केलं तर नंतर पूर्ण डिलीट करा. गोंधळ उडाला आणि दोन दिवसात सरकारनं ती मागं घेतली. पण त्या दोन दिवसात एक मास्तर दुकानात येऊन माझ्या डोक्यावर उभे राहिले, डाउनलोडचा फोल्डर उघडा म्हणाले. उघडला तर साडेचारशे फाईली. लाज वाटली. तेव्हापासून संध्याकाळी शटर ओढायच्या आधी तो फोल्डर रिकामा करतो, आणि म्हणूनच त्या पोराची गॅलरी माझ्या डोळ्यात खुपली.

पण दोष एकट्या पोराचा नाही. मी विचारलं त्याला, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये थेट फोटो काढायची सोय नाही का रे. आहे म्हणाला, आणि त्यातला फोटो गॅलरीत राहत पण नाही, कंपनीनं ते बरोबरच बनवलंय. पण तो कॅमेरा उघडायला त्याच्या फोनवर मिनिटभर जातं, नेटवर्क गेलं की पहिल्यापासून, आणि दिवसाला अमुक इतके डबे लावले नाहीत तर इन्सेंटिव्ह नाही. मग पोरं शॉर्टकट मारणारच. सुरक्षित रस्त्यावर खड्डे ठेवायचे, आडवाटेला गेट उघडं ठेवायचं, आणि वर महिनाअखेरीला टार्गेट विचारायचं. वेबसाईटवरच्या त्या लांबलचक पानात सॅकवाल्या पोराबद्दल एक ओळ नाही.

पुढं तीन महिन्यांनी दुपारी मी जेवायला घरी गेलेलो, गल्ल्यावर आप्पा, म्हणजे वडील, आणि माझा मोबाईल. फोन आला, साऊंडबॉक्स कंपनीतून बोलतोय, दुकानाचं नाव बरोबर, माझं नाव बरोबर, खातं कुठल्या बँकेत आहे ते बरोबर. डबा अपडेट करायचाय, एक अ‍ॅप टाका, मी इथून बघतो. आप्पांनी टाकलं, वय ७४, त्यांना काय माहीत. मग म्हणाला आता पेमेंटचं अ‍ॅप उघडा. उघडलं तर स्क्रीन काळी आणि वर लाल पट्टी, स्क्रीन शेअरिंग चालू आहे, आधी बंद करा. आप्पांना वाटलं फोन बिघडला, त्यांनी सरळ स्विच ऑफ करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि मी आल्यावर म्हणाले तुझा मोबाईल टीव्हीसारखा काळा झालाय, वॉरंटी आहे का बघ. एक रुपया गेला नाही. तो नंबर मी सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर फसवे फोन कळवायची चक्षू म्हणून सोय आहे तिथं टाकला. पैसे गेले असते तर आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, लावला असता, तो नंबर आता आप्पांच्या उशाशी भिंतीवर खडूनं लिहिलाय.

म्हणजे बघा, अ‍ॅपनं वाचवलं. पण त्या फोनवाल्याला माझी बँक कळली कुठून? तो चेक त्या गॅलरीतूनच गेला असं मी छातीठोक म्हणत नाही, बँकेतून, कुरिअरमधून, कुठूनही जाऊ शकतं. पण कंपनीलाही नाही म्हणता येणार नाही.

कर्जाच्या फोनचं वेगळंच. एक बाई म्हणाली सर तुमच्या क्यूआरवर चांगला गल्ला होतोय, तुम्हाला दोन लाख मंजूर आहेत. आणि गल्ल्याचा जो आकडा सांगितला तो जवळपास बरोबर, तेवढा तर मी बायकोला पण सांगत नाही. हे मात्र चोरीचं नव्हतं, अ‍ॅपमध्ये पार्टनरला माहिती द्यायची परवानगी डब्याच्या वेळीच टिक झालेली, कुणी केली ते तुम्ही ओळखा. ती काढायची जागा प्रोफाईल, मग बिझनेस, मग ऑफर्स, मग तळाला करड्या अक्षरात. काढल्यावर फोन कमी झाले, बंद नाहीत. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये पास झालाय, दंड २५० कोटींपर्यंत, त्यात संमती जितकी सहज घेतली तितक्याच सहज काढता आली पाहिजे असं म्हटलंय. इथं घ्यायला पोराचं एक बोट, काढायला माझी अर्धी दुपार.

तर घ्यायचा का डबा? घ्या, मी पण ठेवलाय. फक्त पोराला फोटो कंपनीच्या अ‍ॅपमधूनच काढायला लावा, नेट नसेल तर तुमचा हॉटस्पॉट द्या, मास्क्ड आधार चालतं का ते आधी विचारा, चेकवर आडव्या दोन रेघा मारून कॅन्सल लिहा आणि प्रत्येक टिक स्वतःच्या हातानं करा.

गॅलरीचा प्रकार मी कंपनीला लिहून कळवला होता. पहिलं उत्तर आलं आपली सुरक्षा ही आमची प्राथमिकता आहे, दुसरं नऊ दिवसांनी, संबंधितांना समज दिली आहे. माझे फोटो त्या ग्रुपवरून काढले का, एवढंच मी विचारलंय. तिकीट त्यांनी दोनदा सोडवलं म्हणून बंद केलं, मी दोनदा परत उघडलं, आज सकाळपर्यंत उघडंच आहे.