जाळी की फिल्टर? बीटलचं ऑइल बदलण्याआधी

खानापूरकडच्या एका तरुणाने नुकतीच जुनी फोक्सवॅगन बीटल गाडी घेतली. परवा गाडी घेऊन बेळगावात शहापूरला माझ्याकडे आला आणि चहा व्हायच्या आतच विचारलं, "काका, पहिलं ऑइल बदलतोयच, तर त्याच झटक्यात फिल्टर बसवून टाकू काय? की जाळीवरच राहू?" मी दोन्ही करून बघितलंय. आधी जाळी, मग दोन वर्षं फिल्टर, आणि आता परत जाळी. त्याला तासभर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून लिहितोय, कारण हा प्रश्न मला विचारणारा तो पहिला नव्हे.

माझी गाडी १९६१ची, मडगावच्या एका घरातून आलेली. इंजिन मात्र आधीच्या मालकाने बदललेलं, १६०० सीसीचं. जुन्या बीटलची गोष्ट तीच: कारखान्यातून ही इंजिनं फिल्टरशिवायच आली. पोटाखाली एक गोल प्लेट, तिला सहा नट, आत तारेची जाळी, बास. ऑइल अडीच लिटर. पाणी नाही, रेडिएटर नाही, त्यामुळे इंजिन थंड ठेवायला हवेबरोबर या अडीच लिटरलाही राबावं लागतं. जाळी काय अडवते? पॅकिंगचा तुकडा, धातूचा कण, मागच्या मेस्त्रीने भसाभसा लावलेल्या सिलिकॉनची गोळी. बारीक धूळ तिच्यातून आरामात जाते आणि बेअरिंगवर फिरत राहते. कागदी फिल्टर ती धूळ धरतो. म्हणजे नुसता हिशोब मांडला तर फिल्टरच जिंकतो, त्याबद्दल माझा वाद नाही.

फिल्टर बसवायच्या दोन तऱ्हा आहेत, खालची जाळी दोन्हीत तशीच राहते. एक, ऑइल पंपाचं झाकण काढून फिल्टरची बैठक असलेलं झाकण बसवायचं. अर्ध्या दिवसाचं काम, इंजिन उतरवावं लागत नाही. दुसरी, पंपाची आतली वाट बुजवायची, ऑइल नळीने बाहेर काढून फिल्टरमधून फिरवायचं आणि क्रँककेसला, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या धातूच्या खोक्याला, भोक पाडून, आटे पाडून परत आत सोडायचं. ही खरी पक्की पद्धत. पण भोक पाडलं की धातूचा कीस आत पडणार, म्हणून इंजिन पूर्ण खोललेलं असेल तेव्हाच ती करावी. मी पहिली केली. ज्याचं इंजिन चांगलं चालतंय तो बहुतेक पहिलीच करतो.

आता जाळीची गाऱ्हाणी आधी सांगतो, नाहीतर मी एकाच बाजूने बोलतोय असं वाटेल. ते सहा नट एम-सहाचे, दहा नंबरच्या पान्याचे, आणि त्यांना ताकद लागते ती फक्त सात न्यूटन-मीटर. म्हणजे मनगटाने हलकं आवळलं की झालं. पण ट्रॅक्टरवर हात बसलेल्या मेस्त्रीला हे पटत नाही. प्लेट गळते म्हणून तो अजून आवळतो, प्लेट वाकते, मग अजून गळते. मॅग्नेशियम मिश्रधातूच्या केसमध्ये स्टडचे, म्हणजे नट ज्यांवर बसतात त्या आट्यांच्या दांड्यांचे, आटे जायला वेळ लागत नाही. माझ्या गाडीचा एक स्टड आधीच्या मालकाच्या काळातच असा गेलेला. उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याने पायरीचा स्टड करून दिला, वरच्या बाजूला आठ मिलिमीटर आणि नटाच्या बाजूला सहा. बेळगावात राहण्याचा हा मोठा फायदा. एवढ्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप असलेल्या गावात असं काम घेऊन गेलं की कोणी तोंड वाकडं करत नाही, उलट तुकडा हातात घेऊन दहा मिनिटं कौतुकाने बघतात. मला कन्नड मोडकं येतं, त्याला मराठी मोडकं येत होतं, पण स्टड हातात असला की बोलणं फारसं लागतच नाही.

पॅकिंगचंही तसंच. जाळीच्या वर एक, खाली एक, आणि नटांखाली तांब्याचे वायसर. बाहेरगावाहून मागवायचे म्हणजे आठवडा गेला. मी हार्डवेअरच्या दुकानातून पॅकिंग पेपर आणतो, प्लेटवर धरतो आणि कडेने छोट्या हातोडीने टकटक करत कापून घेतो. सिलिकॉन अजिबात लावत नाही.

फिल्टरची दोन वर्षं वाईट गेली असं मी म्हणणार नाही. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल जास्त दिवस मधाच्या रंगाचं राहायचं, हे डोळ्याला दिसत होतं. ऑइलही थोडं जास्त मावायचं, साधारण तीन लिटरच्या आसपास, आणि या इंजिनात तेवढं जास्त ऑइल म्हणजे चांगलंच. चोर्ला घाट चढून आल्यावर मनाला एक आधार वाटायचा. तो आधार खरा होता की नुसता मनाचा, हे मी मोजलेलं नाही.

पण एका गोष्टीने माझा निकाल लावला, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. माझ्या गाडीत पंपावरचा तो फिल्टर आडवा बसायचा, सायलेन्सरला जवळजवळ चिकटून. घट्ट फिल्टर फिरवायला पट्टा घालावा तर हात शिरेना. कसाबसा सैल केला की त्यातलं ऑइल सरळ सायलेन्सरवर. परात खाली ठेवून उपयोग नाही, कारण ते परातीत पडायच्या आधी सायलेन्सरच्या पोटावरून पसरत जातं. मी खाली प्लास्टिक लावून बघितलं, फाटक्या बनियनची घडी दाबून बघितली, गाडी मागून उचलून तिरकी करून बघितली. तिन्ही वेळेला तेच. नंतर केरोसिनने पुसलं तरी सायलेन्सरच्या पत्र्याच्या घडीत राहिलेलं ऑइल दोन-तीन दिवस जळत राहायचं. सिग्नलला थांबलं की मागून निळसर धूर आणि तो वास. तिसऱ्या वेळी मी आईला रेल्वे स्टेशनला सोडायला निघालो होतो. गोगटे सर्कलजवळ मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याला वाटलं गाडी पेटली. आई घाईने उतरली आणि उरलेला रस्ता रिक्षानेच गेली. गाडीला काहीच झालेलं नव्हतं, पण त्या दिवशी संध्याकाळी मी पंपाचं जुनं झाकण शोधून काढलं.

तुमच्या गाडीचा सायलेन्सर वेगळा असेल तर फिल्टर कदाचित सरळ निघेलही. निपाणीच्या एका मित्राच्या गाडीत निघतो, तो खूश आहे. म्हणून घ्यायच्या आधी गाडीखाली झोपून, पंपासमोर मूठ धरून बघा. मूठ फिरायला जागा नसेल तर फिल्टरही फिरणार नाही.

दुसरं कारण आपल्या हवेचं आहे. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी निघते ती दोन-तीन किलोमीटरसाठी, बाजारात आणि परत. इंजिन पुरतं तापतच नाही. आत दमटपणा साठतो आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरा थर धरतो. न जळलेलं पेट्रोलही त्यात उतरतं. कागदी फिल्टर धूळ धरतो, पण हे पाणी आणि पेट्रोल तो काढू शकत नाही. म्हणजे फिल्टर असला तरी पावसाळा संपला की ऑइल बदलायचंच. कारखान्याच्या हिशोबाने पाच हजार किलोमीटरला बदला म्हणतात. माझी गाडी वर्षाला तेवढी पळतच नाही. मी दोनदा बदलतो, एकदा मे महिन्यात आणि एकदा दसऱ्याच्या आधी. इतक्या लवकर बदलणाऱ्याला फिल्टरचा उपयोग किती, हे तुम्हीच ठरवा.

धुळीसाठी मला वाटतं इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या एअर क्लीनरकडे आधी बघावं. ऊस सुरू झाला की चिकोडी-निपाणीच्या बाजूला ट्रॉल्यांच्या मागून जाताना किती धूळ खावी लागते ते तिकडच्यांना माहीत आहे. जुना ऑइल बाथ, म्हणजे ऑइलमध्ये धूळ धरणारा, एअर क्लीनर असेल तर त्यातलं ऑइल खुणेपर्यंत आहे का, तळाला गाळ किती बसलाय, हे दर वेळी बघा. आत जाणारी धूळ तिथेच थांबली तर खाली काय लावावं हा प्रश्न निम्मा सुटतो. इंजिनात ऑइल मी २०डब्ल्यू-५० या जाडीचं मिनरल वापरतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

जाळीची मला सगळ्यात आवडलेली बाजू म्हणजे ती बोलते. प्लेट उघडली की सहा महिन्यांचा हिशोब समोर असतो. नुसता काळा गाळ असेल तर ठीक. चंदेरी चमक दिसली, चुंबकाला न चिकटणारी, तर बेअरिंगकडे लक्ष द्यायची वेळ आली. चुंबकाला चिकटली तर लोखंडाचं काहीतरी झिजतंय. फिल्टर मात्र बंद डबा, करवतीने कापून बघितला तरच आतलं कळतं, आणि ते मी एकदाच केलं. म्हणूनच प्लेटचा मधला बोल्ट काढून नुसतं ऑइल सोडून देणाऱ्यांना माझं सांगणं आहे की निदान एक आड एक वेळी तरी सहा नट काढा. नंतरच्या काळातल्या काही प्लेटींना मधला बोल्टच नाही, त्यांना तर पर्याय नाही.

इंजिन उतरलेलंच असेल, केस मशीन शॉपमध्ये जाणारच असेल, आणि गाडी दर महिन्याला पुणे किंवा बंगळूरला न्यायचा विचार असेल, तर दुसऱ्या तऱ्हेचा फिल्टर जरूर करून घ्या. नळ्या चांगल्या घ्या आणि फिल्टर सायलेन्सरपासून लांब बसवा. तसं असतं तर मीही तेच केलं असतं. पण चालत्या इंजिनाला, गावातल्या गावात आणि महिन्यातून एकदा आंबोलीपर्यंत जाणाऱ्या गाडीला, मला तरी जाळी आणि ताजं ऑइल पुरतं.

खानापूरच्या त्या पोराच्या गाडीला आधीच्या मालकाने फिल्टर बसवलेलाच निघाला, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला म्हटलं, तो लगेच काढू नको. पण पहिलं ऑइल सोडताना खालची प्लेट उघड. फिल्टर आहे म्हणून ती कित्येक वर्षं कोणी उघडत नाही. इंजिन कोमट असताना उघड, कढत असताना नको. रविवारी आम्ही दोघांनी मिळून उघडली. नट सुटले तरी प्लेट सुटेना, लाकडी ठोकळ्याने हलकं मारावं लागलं. जाळीची निम्मी भोकं गाळाने बुजलेली होती आणि तळाला जुन्या पॅकिंगचे तुकडे होते. पेट्रोलमध्ये ब्रशने धुवायला पाऊण तास गेला. जळकं ऑइल तो डब्यात भरून घेऊन गेला, गोठ्याच्या खांबांना वाळवी लागलीय म्हणे.